बर्लिनच्या महोत्सवात भेटलेली मुंबई

सोमवार

चित्रपट बघायला बर्लिनला जायचं तर फेब्रुवारीत, असं आमच्या ठाण्याच्या फिल्म सोसायटीतल्या मंडळींचं पक्कं मत आहे. बर्लिनाले हा तिथला बडा चित्रपट महोत्सव तेव्हा असतो. मी गेले जूनमध्ये. एक तर तिथली थंडी माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि दुसरं म्हणजे भाच्याने तिकडे बिऱ्हाड थाटल्यापासून "मावशी, आता येच" असा धोशा लावला होता. शिवाय जूनमध्ये तिथे दुसरा एक महोत्सव होता, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही: बर्लिन-ब्रांडेनबुर्ग ज्यू चित्रपट महोत्सव. २०२४ हे त्याचं तिसावं वर्ष. मंगळवार ते रविवार, १८ ते २३ जून.

ज्यू चित्रपट महोत्सव हा प्रकार तसा अमेरिकेतला. १९८०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिला झाला आणि मग जगभर त्याचं पेव फुटलं. बर्लिनचा १९९५मध्ये निकोला गालिनर या बाईंनी सुरू केला आणि पंचवीसेक वर्षं एकहाती म्हणावा असा चालवला. आज जर्मनीतला या प्रकारचा तो सर्वांत मोठा महोत्सव आहे. ब्रांडेनबुर्ग हे बर्लिनच्या भोवतालचं राज्य आणि पॉट्सडॅम ही त्याची राजधानी, म्हणून नाव असं जोडनाव. चित्रपट दोन्हीकडे विखुरलेले असतात. एक खेळ शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. वेळापत्रक हातात घेऊन भाच्याने डोक्याला हात लावला. भाचेसून मात्र शांतपणे पेन्सिल घेऊन बसली आणि एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या वेळांशी खेळांच्या वेळा जुळवून दिल्या. ती मूळची डोंबिवलीची, लोकलचं गणित तिच्या रक्तात आहे.

"मावशी, पण ज्यू चित्रपट म्हणजे नेमका कुठला?" तिने विचारलं. दिग्दर्शक ज्यू असला की? कथा ज्यू कुटुंबाची असली की? की इस्रायलमध्ये काढलेला सगळाच? कार्यक्रम चाळला तर उत्तर होतं, यातलं काहीही चालेल. मला हे आवडलं. व्याख्या घट्ट केली असती तर अर्धे चित्रपट गळाले असते आणि उरलेल्या अर्ध्यांत फक्त युद्ध आणि छळछावण्या उरल्या असत्या.

मंगळवार

उद्घाटन पॉट्सडॅमला, हान्स ओटो थिएटरमध्ये. बर्लिनहून जायचं तर एस-सात ही गाडी. शहराच्या पोटातून पश्चिमेला निघते, शार्लोटेनबुर्ग मागे पडतं, आणि वेस्टक्रॉइत्सनंतर एकदम झाडी सुरू होते. ग्रुनेवाल्ड, निकोलासे, वानसे. नावं घरगुती वाटावीत इतकी मी ती पुस्तकांतून वाचलेली. निकोलासेच्या तळ्याकाठी १९२९च्या उन्हाळ्यात काही पोरांनी हौशी नट घेऊन 'मेन्शेन आम सोनटाग' हा मूकपट काढला. त्या पोरांची नावं रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर, बिली वाइल्डर, फ्रेड झिनेमान. सगळे ज्यू, आणि पुढे सगळेच्या सगळे हॉलिवुडमध्ये. फिल्म सोसायटीत आम्ही तो दाखवला होता तेव्हा प्रोजेक्टर दोनदा बंद पडला होता, पण कुणी उठून गेलं नव्हतं.

मी मुद्दाम लवकर निघून ग्रुनेवाल्डला उतरले. स्टेशन सुबक, बंगलेवाल्यांच्या वस्तीचं. भुयारातून सतरा नंबरच्या फलाटाची पाटी दिसते, ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या सुटायच्या तो फलाट, ती धरून वर गेलं की रुळांच्या दोन्ही कडांना ओतीव पोलादाच्या जाळीदार पट्ट्या लावलेल्या आहेत, एकूण १८६. प्रत्येक पट्टीच्या कडेवर तारीख, माणसांचा आकडा आणि गाव. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ची: १२५१ ज्यू, बर्लिन ते लोझ. शेवटच्या पट्ट्यांपैकी एक मार्च १९४५ची आहे, १८ माणसांची. रशियन फौजा दाराशी येऊन ठेपल्या होत्या, गाड्या मिळत नव्हत्या, कोळसा नव्हता. तरी अठरा माणसं पाठवायला गाडीची सोय झाली. मी बराच वेळ त्या अठराच्या आकड्यापाशी उभी होते. हजारांपेक्षा तो आकडा अंगावर येतो. कुणीतरी कारकुनाने तो नीट लिहून ठेवला होता. मी स्वतः एकतीस वर्षं बँकेत रजिस्टरं भरली. कामाची ती शिस्त मला ओळखीची वाटली आणि ते काही बरं वाटलं नाही.

पुढची गाडी दहा मिनिटांत आली. पॉट्सडॅमला उतरून त्र्याण्णव नंबरची ट्राम घेतली. हान्स ओटो थिएटर तळ्याच्या काठावर आहे, लाल शिंपल्यासारखी एकावर एक छपरं. गोटफ्रीड ब्योम या वास्तुरचनाकाराचं काम, २००६ सालचं. दारात पोलीस, आत पिशव्यांची तपासणी. माझ्या पर्समधला डबा उघडून दाखवावा लागला. थालीपीठ बघून पोरगेलासा शिपाई हसला आणि "प्लीज" म्हणाला. बर्लिनमध्ये ज्यू शाळा, सिनेगॉग, म्युझियम, कुठेही जा, दारात पोलीस असतोच. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटेनासं झालंय, आणि खरं तर वाटायला हवं.

भाषणं लांबली. सगळी जर्मन, त्यामुळे भाचा कानात सांगेल तेवढीच माझ्यापर्यंत पोचली. एवढं कळलं की सात ऑक्टोबर (हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस), गाझा आणि तीस वर्षं हे तीन शब्द टाळून कुणालाच बोलता येत नव्हतं. चित्रपट सुरू झाला तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता आणि संपला तेव्हाही आभाळ पुरतं काळं झालं नव्हतं. जूनमधल्या बर्लिनची ही गंमत.

बुधवार

दिवसभर शोनेबर्गमध्ये भटकले. व्हिक्टोरिया-लुइझ-प्लात्झ हा एक गोल बगिचा, मध्ये कारंजं. अकरा नंबरच्या घरावर बिली वाइल्डरच्या नावाची पाटी आहे. १९२७-२८च्या सुमारास तो इथे भाड्याच्या खोलीत राहत होता, वर्तमानपत्रांत लिहीत होता, आणि पैसे पुरेनात म्हणून एका बड्या हॉटेलात एकट्या आलेल्या बायकांबरोबर पगारी नाचत होता. त्या नाचावरही त्याने लेखमाला लिहून पैसे मिळवले. पुढे तो निसटला. त्याची आई निसटली नाही.

तिथून दोन मिनिटांवर वेल्झरस्ट्रासे. 'आर्सेनाल' हे चित्रपटगृह २०००पर्यंत तिथे होतं आणि या महोत्सवाचे सुरुवातीचे खेळ त्याच आर्सेनालमध्ये झाले. आता तिथे बघण्यासारखं काही नाही. पण पुढे बायरिशेस फिर्टेल लागतं, एकेकाळी सुखवस्तू ज्यू कुटुंबांचा मोहल्ला. आइनस्टाइन इथलाच रहिवासी. १९९३मध्ये रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नोक या दोघा कलावंतांनी या भागातल्या दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. एका बाजूला बालवाडीतल्या तक्त्यासारखं साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एकेक हुकूम आणि त्याची तारीख. पावाचं चित्र: ज्यूंनी किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळेत घ्यायचा, ४ जुलै १९४०. मांजराचं चित्र: ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत. माझ्यासमोर एक बाई कुत्र्याला घेऊन त्या खांबाशी थांबली, कुत्र्याने आपलं काम उरकलं, दोघं पुढे गेली. तीस वर्षं रोज ज्या वाटेने जायचं, त्या वाटेवरच्या पाटीकडे कोण रोज बघणार?

मी शोधत होते तो हुकूम १२ नोव्हेंबर १९३८चा. सिनेगॉग जाळली गेली त्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी ज्यूंना नाटक, सिनेमा, मैफल, प्रदर्शन सगळं बंद झालं. ज्या शहरातल्या चित्रपटसृष्टीचा निम्मा कणा त्यांच्या हातांनी उभा राहिला होता, तिथे त्यांना तिकीट काढून पडदा बघायचीही सोय उरली नाही.

संध्याकाळी खेळाला गेले तर प्रेक्षक निम्मेच. कारण नंतर कळलं. युरो फुटबॉलचे दिवस, त्यात यजमान जर्मनी आणि हंगेरीची मॅच. जर्मनी २-० ने जिंकली. चित्रपटातल्या एका गंभीर क्षणी बाहेरच्या रस्त्यावरून असा काही आरडाओरडा झाला की अख्खं थिएटर हसलं. दिग्दर्शक समोर बसलेला होता, तोही.

गुरुवार

आजचा दिवस मी राखून ठेवला होता. सकाळी पॉट्सडॅमचं फिल्म म्युझियम, संध्याकाळी बाबेल्सबर्गच्या थालिया चित्रपटगृहात खेळ.

म्युझियम राजाच्या जुन्या तबेल्यात आहे. आत बाबेल्सबर्ग स्टुडिओची शंभर वर्षं मांडली आहेत: कॅमेरे, पोशाख, करारपत्रं. १९१२पासून तिथे चित्रपट निघतायत. 'उफा' ही कंपनी तिथली, आणि आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नाव नवं नाही. हिमांशू रॉय उफाच्या भागीदारीत चित्रपट काढत होते, देविकाराणी तिथे शिकल्या. आणि व्ही. शांताराम 'सैरंध्री'ला रंग चढवायला फिल्म घेऊन जर्मनीला गेले ते १९३३मध्ये. प्रभात तेव्हा कोल्हापुरातून पुण्याला निघाली होती. रंग काही मनासारखे उतरले नाहीत, भडक आले. पण शांताराम तिकडून डोळ्यांत बरंच काही भरून आले. पुढच्याच वर्षीच्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा डोळा अख्खा पडदा व्यापून टाकतो. ती सावल्यांची, ती डोळ्याची भाषा कुठल्या गावची, हे म्युझियममधल्या पहिल्या दालनातच कळतं.

१९३३ या आकड्यापाशी मी अडकले. त्या वर्षीच्या २९ मार्चला उफाच्या संचालक मंडळाची बैठक झाली आणि ज्यू कर्मचाऱ्यांचे करार संपवायचं ठरलं. सरकारचा तसा कायदा अजून यायचा होता. यांनी आधीच हात धुऊन घेतले. एरिख पोमर, ज्यांच्या जिवावर कंपनीचं जगभर नाव झालं ते निर्माते, त्याच यादीत. म्हणजे कोल्हापूरचे शांतारामबापू रंगांसाठी ज्या वर्षी जर्मनीत होते, त्याच वर्षी तिथल्या स्टुडिओतून माणसं काढली जात होती. आपल्याकडे 'सैरंध्री'ची गोष्ट सांगताना पहिल्या रंगीत चित्रपटाचं कौतुक सांगतात, रंग फसल्याचं सांगतात. हे शेजारचं पान कुणी उलटत नाही.

मग ती काढलेली माणसं गेली कुठे? बरीचशी अमेरिकेला. काही राहिली आणि मारली गेली: नट-दिग्दर्शक कुर्ट गेरोन यांच्याकडून थेरेजिएनश्टाट छावणीची 'गोड' फिल्म करवून घेतली आणि १९४४मध्ये त्यांना आउशविट्झला पाठवलं. आणि एक-दोघं, यावर म्युझियममध्ये चकार शब्द नाही, मुंबईला आली.

वॉल्टर कॉफमन हा संगीतकार आजच्या चेकमधल्या कार्ल्सबादचा, शिकला बर्लिनला, १९३४मध्ये मुंबईत उतरला. महालक्ष्मीच्या देवळाजवळ रेवा हाउसमध्ये राहिला, चेंबर म्युझिकची सोसायटी काढली, आकाशवाणीत पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. सकाळी रेडिओ लावला की सुरुवातीला वाजायची ती आकाशवाणीची धून त्याचीच, असं मानलं जातं. माझ्या पिढीतल्या कुणालाही ती झोपेतून उठवून विचारा, गुणगुणून दाखवेल. त्याची बायको गर्टी ही प्रागचा प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का याची सख्खी भाची. काफ्काची भाची महालक्ष्मीला राहत होती, हे मी भाचेसुनेला सांगितलं तर तिने आधी माझ्याकडे आणि मग फोनकडे बघितलं.

दुसरा विली हास. मूळचा प्रागचा, बर्लिनमध्ये पटकथाकार, टीकाकार, एका नावाजलेल्या साहित्यिक साप्ताहिकाचा संपादक. नाझी आले तसा प्रागला परतला, नाझी प्रागलाही पोचले तसा १९३९मध्ये मुंबईला. तिथे त्याला काम दिलं मोहन भवनानींनी. हे भवनानी स्वतः १९२४च्या सुमारास जर्मनीत चित्रपटाचं शिक्षण घेऊन आलेले. बर्लिनला शिकलेल्या माणसाने बर्लिनने हाकललेल्या माणसाला हिंदी चित्रपटाच्या पटकथा लिहायला बसवलं. युद्धानंतर हास जर्मनीला परत गेला आणि काफ्काने मिलेना या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं संपादित करून त्यानेच पहिल्यांदा छापली.

आता याच्या शेजारी मालाड ठेवा. १९३४मध्ये हिमांशू रॉय आणि देविकाराणींनी बॉम्बे टॉकीज काढली ती जर्मन तंत्रज्ञ घेऊन. 'अछूत कन्या'चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. अस्पृश्यतेविरुद्धचा तो चित्रपट आला १९३६मध्ये आणि त्याच वर्षी ऑस्टेन नाझी पक्षाचे सभासद झाले. युद्ध पुकारलं गेल्यावर इंग्रजांनी त्यांना पकडलं. म्हणजे एकाच मुंबईत, एकाच धंद्यात, एका लोकल गाडीच्या अंतरावर नाझी पक्षाचा सभासद चित्रपट काढत होता आणि नाझींपासून पळालेला पटकथा लिहीत होता. दोघांची कधी गाठ पडली असेल का? पडली असेल तर कुठल्या भाषेत बोलले असतील?

संध्याकाळच्या खेळाबद्दल थोडक्यात. ज्यू महोत्सवांत एक हमखास प्रकार असतो: आजी वारते, नात घर आवरायला जाते, माळ्यावर पत्रांची पेटी सापडते. हा त्यातलाच. चांगला होता, पण माळ्यांची आता रांग लागली आहे. नंतरच्या चर्चेत प्रश्न विचारायला म्हणून उभे राहिलेले एक काका सहा-सात मिनिटं बोलले आणि प्रश्न न विचारताच बसले. हे काका ठाण्यातही आहेत.

शुक्रवार

सॅविनीप्लात्झ. स्टेशनवर उतरायलाच जागा नव्हती. ऑलिंपिक स्टेडियमवर पोलंड-ऑस्ट्रिया सामना, अख्खा डबा लाल-पांढरा. दोन्ही देशांचे रंग तेच, त्यामुळे कोण कुणाच्या बाजूचं ते गाणं ऐकूनच ओळखायचं. जिने उतरून ब्लाइबट्रॉइस्ट्रासेत वळले तर दाराबाहेरच्या फरशीत पितळेचे चौकोन. बोटभर अक्षरांत नाव, जन्मसाल, नेल्याची तारीख, ठिकाण. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने सुरू केलेलं हे काम, युरोपभर असे लाखावर दगड बसलेत. वाचायचं तर वाकावं लागतं. एका ऑस्ट्रियन पोराने बिअरची बाटली बाजूला ठेवून वाकून वाचलं, मित्रांना थांबवलं. मग पुन्हा गाणं सुरू.

खेळाला वेळ होता. रांगेत माझ्या पुढे एक वयस्क बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, पश्चिम बर्लिनमध्ये जन्म गेलेला. दरवर्षी येतात. माझी साडी बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे ज्यू आहेत?"

"माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर सिनेगॉग आहे," मी म्हटलं. "१८७९ सालचं."

मग मात्र त्यांनी सोडलं नाही. मी आपल्याकडच्या मराठी ज्यूंची, बेने इस्राएलांची गोष्ट सांगितली: नवगावजवळ फुटलेलं गलबत, कोकणातल्या गावांवरून पडलेली पेणकर, चेऊलकर, किहीमकर ही आडनावं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', आणि घरात चोख मराठी. "आणि सिनेमात?" त्यांनी विचारलं. इथे माझी गाडी सुसाट सुटली.

मूकपटात काम करायला 'घरंदाज' घरांतल्या बायका तयार नव्हत्या, तेव्हा पुढे आल्या त्यात बगदादी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली बऱ्याच. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. तिला सिनेमात आणलं कोणी, तर याच मोहन भवनानींनी. ती झाली सुलोचना. तिची मिळकत मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होती म्हणतात. बोलपट आले तेव्हा तिला हिंदुस्तानी येईना, तर वर्षभर घरी बसून शिकली आणि परत आली. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' ज्या नाटकावरून झाला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे पेणकर, बेने इस्राएल. पहिली मिस इंडिया, १९४७ची, एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम; पडद्यावर प्रमिला. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकिएल. आणि डेव्हिड! डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आमच्या ठाण्यात जन्मलेले.

बाईंनी पर्समधून महोत्सवाची पुस्तिका काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर नावं लिहून घेतली. स्पेलिंग विचारून विचारून, अगदी शिक्षिकेसारखी. आमच्या मागे उभा असलेला एक स्वयंसेवक मुलगा म्हणाला, यावर एक माहितीपट आहे, 'शालोम बॉलिवुड', एका ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा. खरंच आहे, डॅनी बेन-मोशे यांचा, २०१७चा. बर्लिनमधल्या मुलाला ठाऊक आणि आमच्या सोसायटीत तो अजून दाखवलेला नाही. परत गेल्यावर पहिल्या बैठकीत हा विषय काढणार आहे.

खेळ सुटला तेव्हा ऑस्ट्रिया ३-१ ने जिंकली होती. पोलिश पोरं फुटपाथवर बसून चिप्स खात होती. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायला मात्र अजून वेळ होता. सूर्य मावळतो तिथे या दिवसांत रात्री साडेनऊला.

शनिवार

वाइसेनझेच्या ज्यू दफनभूमीत जायचं मनात होतं. युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, लाखाहून जास्त थडगी. पण शनिवारी ती बंद असते, जायला हवं होतं ते उद्यावर गेलं. पाऊस पडला. दोन चित्रपट बघितले. पाय सुजले. भाचेसुनेने गरम पाण्यात मीठ घालून बादली पुढ्यात ठेवली.

रविवार

महोत्सवाचा शेवटचा दिवस, पुरस्कारांची चर्चा. इथले पुरस्कार गेर्शोन क्लाइन यांच्या नावाचे, २०१२पासून दिले जातात. उत्तम कथापट, उत्तम माहितीपट, आणि तिसरा संस्कृतींमधल्या संवादाला हातभार लावणाऱ्या चित्रपटाला. पहिले दोन सरळ आहेत. तिसऱ्याचं नाव ऐकून मला आधी सरकारी परिपत्रकाचा वास आला होता. पण या वर्षी तोच पुरस्कार सगळ्यांत अवघड, हे आठवडाभरात पटलं.

फेब्रुवारीत याच शहरात बर्लिनालेचा माहितीपटाचा पुरस्कार 'नो अदर लँड'ला मिळाला. पॅलेस्टिनी आणि इस्रायली चौघांनी मिळून केलेला चित्रपट. त्याचे दिग्दर्शक मंचावरून जे बोलले त्यावरून एवढा गदारोळ झाला की महापौरांपर्यंत सगळे त्यात उतरले, आणि बोलणाऱ्या इस्रायली ज्यू दिग्दर्शकावरच ज्यूद्वेषाचा शिक्का मारायला जर्मन राजकारणी पुढे सरसावले. मला यातली विसंगती पचत नाही. संवादाला बक्षीस ठेवायचं असेल तर मंचावर कोण काय बोलेल ते आधी ठरवून देता येत नाही. या महोत्सवात मात्र मी पाहिलं ते उलट होतं. खेळानंतर लोक चिडून बोलत होते, एकमेकांना तोडत होते, एक बाई रडत उठून गेल्या आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसल्या. कुणी कुणाला गप्प केलं नाही. विजेत्यांची यादी कुठेही वाचायला मिळेल, म्हणून इथे देत नाही. आणि खरं सांगायचं तर परीक्षकांच्या खोलीपेक्षा त्या चर्चा जास्त मोलाच्या होत्या.

त्या शिक्षिका बाई पुन्हा भेटल्या. आज पुस्तिका आधीच काढून तयार. "तुमच्या लोकांना तुमच्याकडे पुरस्कार मिळाले का?" हा प्रश्न त्यांनी परवापासून धरून ठेवला होता. मिळाले तर! सुलोचनाला १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार, म्हणजे याहून वरचा आपल्याकडे नाही. डेव्हिडना 'बूट पॉलिश'मधल्या जॉनचाचासाठी फिल्मफेअर. पुढे फिल्मफेअरच्या समारंभांचं सूत्रसंचालन करायला तेच उभे असायचे, इतरांना पुरस्कार देताना हसवत. नादिराला 'ज्युली'साठी फिल्मफेअर. कुणाला ज्यू म्हणून नाही, नट म्हणून. हे सांगताना मला जरा अभिमान वाटला हे खरं. पण मग त्यांनी विचारलं, "सुलोचनाचा कुठला मूकपट बघू?" आणि मला सांगावं लागलं की जवळजवळ एकही उरलेला नाही. फाळके पुरस्कार दिला, फिल्म जपली नाही. नाझींनी नाही, युद्धाने नाही. आमच्या आम्हीच गोदामांत आंबवल्या आणि चांदीसाठी वितळवल्या.

बाई काही क्षण पेन हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बोलपट तरी आहेत ना?"

"आहेत. 'बूट पॉलिश'पासून सुरू करा. मुलांचा आहे, पण रडायला येईल."

"रडायचे या आठवड्यात पुष्कळ झाले. त्या नादिराचा?"

"'श्री ४२०'. लांब होल्डरमधून सिगारेट ओढणारी बाई दिसेल, तीच."

त्यांनी 'श्री ४२०' लिहिलं, त्याच्यापुढे होल्डरचं चित्र काढलं, आणि भाच्याला विचारलं की जर्मन सबटायटल्सवाली प्रत कुठे मिळेल. त्याला माहीत नव्हतं. पण शोधून कळवतो म्हणून त्याने त्यांचा ईमेल घेतला आहे आणि ठाण्यात आल्यापासून मी दर आठवड्याला त्याला त्याची आठवण करते आहे.